सीनेचं खोलीकरण: ठराव द्यायच्या आधी आराखड्यात काय मागायचं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातला, सीना नदीकाठच्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विषय सगळ्याच नदीकाठाचा आहे आणि मला इथं कुणाला उघडं पाडायचं नाही.

गेल्या सप्टेंबरात (२०२५) सीनेला जो पूर आला तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. वरून सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांचं सोडलेलं पाणी, त्यात बार्शीकडून येणारी भोगावती, आणि वर आभाळ फाटलेलं. आमच्या मळ्यातली विहीर काठोकाठ गाळानं बुजली. पाणी उतरल्यावर गेलो तर नुसतं गोल कठडं शिल्लक, आत चिखल, त्यात रुतलेल्या कडब्याच्या पेंढ्या आणि कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्यांचा गुंता. वडील कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. ती विहीर आजोबांनी ७२ च्या दुष्काळानंतर खांदली होती.

आता गावात 'नदी सुधारणा व पाणलोट विकास' या नावानं एक प्रस्ताव आलाय. तीन किलोमीटर नदी खोल आणि रुंद करायची, दोन वळणं तोडून सरळ करायची, काठावरची झाडं काढायची, दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) करायचं, दोन बंधारे बांधायचे. १ मेच्या ग्रामसभेत ना हरकत ठराव हवाय म्हणतात. मी आराखडा मागितला. साडेतीन पानं हातात आली. एक मोबाईलवरून काढलेला नकाशा, पोकलेनच्या तासांचं अंदाजपत्रक, आणि 'पर्यावरण' या मथळ्याखाली एकच ओळ: 'सदर कामामुळे पर्यावरणावर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.'

या ओळीनं माझी झोप उडवली आहे. तोडायच्या दोन वळणांपैकी एका वळणावर आमचा डोह आहे. काठाला उंबर आणि करंज. उन्हाळ्यात सगळी सीना कोरडी पडली तरी तिथं गुडघाभर का होईना पाणी असतं, आणि गावाच्या नळयोजनेची विहीर त्या डोहापासून हाकेच्या अंतरावर आहे. नदी सरळ झाली की डोह जुन्या पात्रात तुटून पडणार. मग त्या विहिरीचं काय होणार, हे साडेतीन पानांत कुठंच नाही.

माझा कामाला विरोध नाही, हे नीट लक्षात घ्या. पुरात आमचंही गेलंय. पण ठराव देण्याआधी काय विचारावं, कुठले कागद मागावेत, कोणती मोजमापं आधी करून ठेवावीत? जाणकारांनी सांगावं, मी लिहून घेतोय.

ऊसपट्टा

दादा, राग मानू नका, पण डोह आणि उंबर तुम्ही बघा. माझं तीन एकर काळं रान पुरानं सोलून नेलं. खाली मुरूम उघडा पडलाय. तिथं आता कुसळ उगवणार नाही. नदीत जागोजागी वेडी बाभूळ माजलीय, पात्र निम्मं झालंय, पाणी जाणार कुठं? माणसाच्या शिवारात. खोल करा, रुंद करा, सरळ करा, पण पावसाळ्याआधी करा. तुम्ही कागद मागत बसला आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा पाणी आलं, तर माझ्या पोरांना काय सांगू?

सीनाकाठ

भाऊ, तुमचं दुःख मला कळतं, अगदी शेजारचं आहे. वेडी बाभूळ काढायलाच हवी, त्यात दुमत नाही. मला भीती एवढीच आहे की नदी नुसती खोल करून तुमचं रान वाचणार नसेल, तर पैसाही गेला आणि डोहही गेला.

माळरान

मी कृषी सहायक म्हणून ३१ वर्षं काम केलं, त्यातली बरीच करमाळा, माढा, मोहोळ भागात. दोघांचंही खरं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणलोट म्हणजे ज्या भागावरचं पाणी वाहत एका ओढ्याला-नदीला मिळतं तो सगळा भाग. त्याच्या कामाचं पहिलं सूत्र आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं गेलं: माथा ते पायथा. आधी माळावर, डोंगरउतारावर समपातळी चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) आणि झाडोरा, मग शेतात बांधबंदिस्ती, मग ओघळीत दगडी बांध, मग नाल्यावर माती-सिमेंटचे बंधारे, आणि सगळ्यात शेवटी नदी. एकेक सूक्ष्म पाणलोट साधारण ५०० हेक्टरचा धरून आखणी करायची. तुमचा आराखडा शेवटच्या पायरीवरून सुरू झालाय. तो असाच सुरू होतो, कारण चर खोदायला दोन महिने शंभर माणसं लागतात आणि नदीत पोकलेन आठवड्यात काम दाखवतं. फोटो चांगला येतो.

हिशेब करून बघा. एका एकरावरून मातीचा एक सेंटिमीटर थर गेला तर ४० घनमीटर माती झाली. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सांगायचं तर १४ ब्रास. ही एका एकराची, एका सेंटिमीटरची गोष्ट. वरच्या शिवारातून ती माती येतच राहिली तर तुम्ही आज खोल केलेलं पात्र किती पावसाळे खोल राहील? मी माझ्या नोकरीत एकाच नाल्याचा गाळ तीनदा काढलेला पाहिलाय. वरचा माळ तिन्ही वेळेला उघडाच होता.

आपल्या जिल्ह्याला हे ज्ञान नवीन नाही. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासून आहे. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात छोटे छोटे वाफे पाडून पाणी जागच्या जागी मुरवायची पद्धत त्यांनीच शेतकऱ्यांपर्यंत नेली. पूर्वी बैलाच्या सारायंत्रानं वाफे पडायचे. आता ट्रॅक्टर आला, ऊस आला, वाफे गेले, बांध कोरून कोरून वीतभर राहिले. शिवारातलं पाणी आता थांबत नाही, थेट ओढ्याला लागतं. पूर मोठा होण्यात आभाळाचा वाटा आहेच, पण थोडा वाटा या कोरलेल्या बांधांचाही आहे.

म्हणून सीनाकाठ, पहिली मागणी ही करा: तुमच्या तीन किलोमीटरला ज्या ज्या ओढ्यांचं पाणी येतं त्या सगळ्यांचा पाणलोट नकाशावर दाखवा. रोजगार हमीतून झालेले जुने पाझर तलाव, नालाबांध कुठं आहेत, किती गाळानं भरलेत, किती फुटलेत, याची यादी जोडा. नवीन बंधाऱ्याआधी जुन्याची डागडुजी. आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक हिस्सा माथ्याकडे लागला पाहिजे असं ठरावात लिहा.

काळापाषाण

माळरान सर, तुमच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. मी भूजलाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे डोह आणि विहीर यांच्याबद्दल बोलतो.

आपला सगळा जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली झिजलेला भेगाळ खडक, आणि त्याखाली घट्ट पाषाण. विहिरीला पाणी मिळतं ते मुख्यतः मधल्या मुरमाड, भेगाळ थरातून. कडक पाषाणात पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. आता नदीचं पात्र खोल करता करता तुम्ही आजूबाजूच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या खाली गेलात तर काय होईल? पावसाळ्यात नदीचं पाणी थरात शिरेल, ठीक. पण पूर ओसरला की थरातलं पाणी उलट नदीत पाझरू लागेल आणि वाहून जाईल. जे पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरीत राहायचं ते डिसेंबरातच संपेल. लोक म्हणतात, खोलीकरणानं विहिरींना पाणी वाढतं. काही ठिकाणी वाढतंही, जिथं गाळाचा घट्ट थर पाझर अडवून बसलेला असतो. म्हणून आधी खड्डे घेऊन बघावं लागतं की खाली काय आहे. गाळ असेल तर काढा. मुरूम लागला की थांबा. वाळू असेल तर हात लावू नका.

वाळूचा हिशेब सांगतो. एक हेक्टर पात्रात दोन मीटर जाडीची वाळू धरा. म्हणजे २०,००० घनमीटर. त्यातलं साधारण पाव भाग पाणी विहिरीला मिळू शकतं असं धरलं, तरी ५० लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे ५०० टँकर. हे पाणी उन्हात उडत नाही, गाळून मिळतं आणि त्याला वीजबिल नाही. तुमच्या डोहाभोवतीची वाळू गेली तर गावाच्या नळाचं पाणी गेलं समजा.

दुसरं, वळण तोडून नदी सरळ केली की तेवढंच उतरण कमी अंतरात बसतं, उतार वाढतो, वेग वाढतो. वाढलेला वेग खालच्या गावाचे काठ खातो आणि तळ वरच्या दिशेनंही खोदत जातो. पुलाचे खांब, जॅकवेल (नदीतलं पाणी उपसायच्या विहिरी) उघडे पडतात. ऊसपट्टा भाऊ, तुमचं रान वळणाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? खालच्या अंगाला असेल तर सरळीकरणाला सगळ्यात आधी तुम्हीच विरोध करायला हवा.

आणि मोजमाप. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुम्ही तेच करा. नदीच्या दोन्ही अंगांच्या पंधरा-वीस विहिरी निवडा, कठड्यावर ऑइलपेंटची खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून दोरीनं पाण्यापर्यंतची खोली मोजा. कामाआधीचा आकडा नसेल तर नंतर नुकसान झालं हे तुम्ही कुणाला दाखवूच शकणार नाही.

तुळजापूर_नाका

सोलापूर शहरातल्यांनीही हा धागा वाचायला हवा. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ चा. तो भरून वाहिला की पाणी आदिलेतून शहरात येतं, आणि आदिला नदी आहे हेच आपण विसरलो होतो. नाला म्हणायचो. सप्टेंबरात पाणी घरात आल्यावर नाव आठवलं. माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, रात्री दोन वाजता तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. नंतर शेजारी म्हणत होते, नाला काँक्रीटनं बांधून काढा. पण पाण्याला पसरायला जी जागा होती तिथं आपणच घरं बांधलीत. तुमच्या आराखड्यात पूररेषा आहे का? निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा नकाशावर नसतील तर रुंदी कशाच्या आधारे ठरवली, हे विचारा.

वकिली_डायरी

कायद्याचं थोडक्यात आणि स्पष्ट सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत मोठ्या नदी-खोरे प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते. तुमच्यासारखं गावपातळीचं काम त्यात येत नाही. शिवाय १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीनं धरण, बंधारे, नद्या, कालवे यांतला गाळ देखभालीसाठी किंवा आपत्ती व्यवस्थापनासाठी काढायचा असेल तर त्यालाही पूर्वमंजुरीतून सूट दिली आहे. त्यामुळे ग्रामसभेत 'जनसुनावणी झालीच पाहिजे' असं म्हणाल तर समोरचे अधिकारी सूट दाखवतील आणि तुमचा मुद्दा तिथंच संपेल.

पण सूट कशाला आहे ते नीट वाचा. देखभालीचा गाळ. नदीचं वळण बदलणं म्हणजे देखभाल नव्हे. आणि पात्रातून निघालेली वाळू बाहेर विकली जाणार असेल तर ते गौण खनिज झालं, त्याची परवानगी वेगळी, स्वामित्वधन (रॉयल्टी) वेगळं. म्हणून पहिला प्रश्न विचारा: निघणारा माल किती ब्रास, त्यात गाळ किती, मुरूम किती, वाळू किती, आणि तो नेमका कुठं जाणार? याचं उत्तर लेखी घ्या. काठाची झाडं तोडायची तर वृक्षतोड अधिनियम १९६४ खालची परवानगी आहे का तेही बघा.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही मागा. बहुतेक कपाटात असेल. त्यात डोह, उंबर, मासे, पक्षी यांची नोंद असेल तर ती आराखड्याला जोडा, नसेल तर आताच करून घ्या.

मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची पद्धत चांगली आहे, ती नमुना म्हणून घ्या. ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, लोकांचे आक्षेप इतिवृत्तात, सगळ्याचं चित्रीकरण. कायद्यानं बंधनकारक नसलं तरी ग्रामसभेला असं करायला कुणी अडवलेलं नाही. आणि ठराव 'हो' किंवा 'नाही' एवढाच असतो असं समजू नका. अटींसह ठराव देता येतो.

चंद्रभागेची_लेक

मी पंढरपूरची. आमच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या होड्या. वाळूचं ज्या दादांनी लिहिलं त्यांना एवढंच सांगायचंय की आम्ही ते भोगलंय. लहानपणी वाळवंटात आम्ही दोन्ही हातांनी वाळू उकरायचो, कोपरापर्यंत हात गेला की खाली थंडगार नितळ पाणी लागायचं. त्यात बोटं बुडवून कपाळाला लावायचं. माझ्या मुलीला मी ते दाखवू शकले नाही. उपसा होऊन पात्रात खड्डे पडले, ते पाण्याखाली दिसत नाहीत आणि पायाखालचा तळ अचानक सुटतो. वारीला आलेल्या माणसांचे जीव गेलेत त्यात. उरलेल्या साचलेल्या पाण्यावर जलपर्णी.

तुमच्या डोहात मासे कोण धरतं? त्या घरांना कुणी विचारलंय का? ग्रामसभेत ती माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी असतात, बोलत नाहीत. त्यांना पुढं बसवा. डोहात वाम कधी येते, मरळ पिलं कुठं घालते, कुठल्या महिन्यात पोकलेन घातलं तर सगळं संपेल, हे त्यांना तोंडपाठ असतं.

ऊसपट्टा

काळापाषाण सर, रान वळणाच्या खालच्या अंगालाच आहे. तुमचं वाचून दोन दिवस नदीकाठानं हिंडलो. जिथं पाण्यानं रान कापलं तिथं वरच्या बाजूला काठावर एकही झाड नव्हतं. माझ्याच वडिलांनी काढली होती, उसाला सावली पडते म्हणून. शेजारच्याच्या बांधाला करंज आणि निर्गुडी दाट होती, त्याचं रान पाण्यात बुडालं पण जाग्यावर आहे. गाळ साचलाय उलट.

एक मात्र मी विचारणार. आमच्या खाली कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळ्याआधी त्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचे असतात. गेल्या साली ते वेळेवर निघाले नाहीत, काही अडकून बसलेले, झाडंझुडपं येऊन त्यालाच अटकली आणि पाणी मागं फुगलं. आता आराखड्यात आणखी दोन बंधारे. त्यांचे बर्गे कोण काढणार, कधी काढणार, कुणाच्या सहीनं? ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मीच हात वर करणार नाही.

माळरान

ऊसपट्टा, हा प्रश्न लाख मोलाचा आहे. बर्गे पावसाळा संपता संपता, साधारण ऑक्टोबरात बसवायचे आणि पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आत काढून काठावर मोजून ठेवायचे. त्याची वही असते. ती वही ग्रामपंचायतीत दर वर्षी वाचून दाखवली जावी, अशी अट घाला.

उघड्या पडलेल्या मुरमावर तलावातला गाळ टाका. हिप्परग्याचा नाही तर जवळच्या पाझर तलावाचा. त्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ पासून आहेच. अर्धा फूट थर बसला तरी पहिल्या वर्षी ताग, दुसऱ्या वर्षी ज्वारी घेता येईल. ऊस लगेच नको.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रामसभा परवा झाली, म्हणून काय झालं ते लिहितोय.

त्याआधीच्या रविवारी आम्ही अठरा विहिरी मोजल्या. ऊसपट्टा भाऊ स्वतः आले होते, ते माझ्या शेजारच्याच गावचे निघाले. शाळेतली सातवीची पाच पोरं, सुतळीला दगड, लाल ऑइलपेंटचा डबा. नळयोजनेच्या विहिरीत पाणी खुणेपासून ६.४ मीटरवर लागलं. डोहापासून लांबच्या चौदाव्या विहिरीत ११.९ वर, आणि दोन विहिरी कोरड्या. पोरांनी ते वहीत लिहून खाली सह्या केल्या. वही आता ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, एक प्रत शाळेत.

सभा साडेतीन तास चालली. वेडी बाभूळ काढायला आणि साचलेला गाळ उचलायला ठराव झाला, तो लगेच सुरू होणार. मुरूम लागला की थांबायचं आणि वाळू उचलायची नाही, ही अट इतिवृत्तात आली. डोहाकडच्या वळणाचं सरळीकरण सध्या वगळलं. दुसऱ्या वळणावर एकमत झालं नाही, कारण तिथं पाच घरांना खरंच पाण्याचा धोका आहे. ती घरं हलवायची की काठ उचलायचा, याचा निर्णय पूररेषेचा नकाशा आल्यावर. बंधाऱ्यांचंही तेच, बर्ग्यांची जबाबदारी लेखी आल्याशिवाय नाही. माथ्याकडच्या कामाला निम्मा खर्च हे मात्र मान्य झालं नाही. त्यासाठी वेगळ्या योजनेतून प्रस्ताव द्या म्हणाले. माळरान सर, तो प्रस्ताव लिहायला तुमची मदत लागेल. जुन्या पाझर तलावांची यादी मी करतोय, आतापर्यंत सात सापडलेत, त्यातले तीन फुटके.

ताई, मागच्या भिंतीला टेकलेल्यांपैकी एक म्हातारे मामा पुढं येऊन बोलले. डोहात खडकाची एक कपार आहे, आषाढात मासे तिथं चढतात, तेवढी जागा यंत्रानं बुजवू नका, एवढंच म्हणाले. अभियंत्यांनी त्यांना नकाशा दाखवला आणि कपार कुठं ते विचारलं. मामांना नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून सभा संपल्यावर दोघं मोटारसायकलवरून डोहाकडे गेले. खूण करून आलेत. आम्ही विहिरींना वापरलेलाच लाल रंग होता.